हॅरोल्डच्या हाताची धार

ये गं, अशी जवळ ये. दारात उभी राहून नाही ऐकायचं, ती खुर्ची ओढ आणि बस. आधी तुला थोडं रागवायचंय, मग गोष्ट. परवा मंडळाच्या गणपतीला हॉलच्या किचनमध्ये तू कोशिंबिरीची काकडी चोचवत होतीस ना, तेव्हा मी मागे उभी राहून बघत होते. चोचवत कसली, चेंगरत होतीस. सगळा खांदा सुरीवर टाकून. टोमॅटोचं तर चिरता चिरताच सार झालं. मी म्हटलं, "अगं, सुरी बोथट आहे." तर मला म्हणतेस, "काकू, बोथटच बरी, हात तरी कापत नाही." आणि तुझ्या डाव्या हाताच्या बोटाला ती निळी किचनवाली पट्टी.

बोथट सुरीच बोट कापते, राणी. धार असलेली सुरी ठेवशील तिथे उतरते. बोथट सुरीला ढकलावं लागतं, आणि ढकललेली सुरी सटकली की कुठे जाईल ते तिलाही माहीत नसतं. इतकं शिकून आलात पुण्याहून, एवढी मोठी सॉफ्टवेअरं लिहिता, आणि सुरी चालेनाशी झाली की टाकून नवी आणता. याचा मला मनापासून राग येतो. झालं माझं रागावून. चहा घे.

मंडळाच्या दिवाळी अंकवाल्या मुलांनी मला फोन करून सांगितलं, काकू, यंदा तुमच्या कामाबद्दल लिहा. काम म्हणाले, छंद नाही म्हणाले, म्हणून लगेच हो म्हटलं. आमच्या जुन्या ग्रुपमध्ये बरीच वर्षं याला 'सुमनचा छंद' म्हणायचे. आमचे हे इथे लीड्सला हॉस्पिटलात डॉक्टर. पार्ट्यांना गेलं की नवीन आलेली एखादी विचारायची, तुम्ही काय करता? कुणी जीपी, कुणी शाळेत, कुणी कौन्सिलला. मी सांगायची, धार लावते. सगळ्या हसायच्या, त्यांना वाटायचं मी गंमत करतेय. मग पुढच्या आठवड्यात त्यातलीच एक टॉवेलात कात्री गुंडाळून माझ्या गॅरेजच्या दाराशी हजर. हसल्याचा विषय तीही काढायची नाही, मीही काढायची नाही.

सुरुवात झाली ती विळीपासून. लग्न करून आले तेव्हा आईने ट्रंकेत साड्यांच्या मध्ये विळी घालून दिली होती. इथली थंडी मला सोसली, विळीला नाही सोसली. पहिल्या दोनतीन वर्षांतच ती कोथिंबीर कापायच्या ऐवजी वाकवायला लागली. आमच्याकडे कराडला सायकलवर चाक लावून धारवाला यायचा, पॅडल मारलं की ठिणग्या. इथे कोण येणार? हाय स्ट्रीटवरच्या हार्डवेअरच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने ती उलटसुलट करून पाहिली आणि अगदी नम्रपणे विचारलं, हिला धरायचं कुठे? मी म्हटलं, धरायची नाही, हिच्यावर बसायचं. त्याने विळी माझ्याकडे परत दिली, दोन्ही हातांनी, जपून.

मग एका रविवारी कार बूट सेलमध्ये, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात तिथे, एका खोक्यात जुन्या कानशी दिसल्या. कानस म्हणजे फाइल गं, लोखंड घासायची. कराडला आमच्या शेजारच्या सायकलवाल्याकडे मी ती लांबून पाहिलेली, हातात कधी घेतली नव्हती. सगळा खोका उचलून आणला. हे म्हणाले, अगं, याचं करणार काय? मी म्हटलं, बघते. शिकवायला कोणी नव्हतं. चॅरिटी शॉपमधून सुऱ्या आणायच्या आणि त्यांची वाट लावायची, हीच माझी शाळा. किती वाट लावली विचारू नकोस. त्यातल्या काहींचे पुढे मी अलॉटमेंटवर, म्हणजे कौन्सिलकडून भाड्याने घेतलेल्या भाजीच्या पट्टीवर, तण खुरपायचे चाकू केले, अजून वापरतेय.

तुला सांगते, यात जादू काही नाही. कानशीच्या अंगावर बारीक तिरके दात असतात आणि ते फक्त पुढे जाताना कापतात. मागे येताना कानस उचलायची. सगळे नवशिके ती मागेपुढे करवतीसारखी चालवतात, त्यात कानसही मरते आणि पातंही. दातांत लोखंडाचा कीस अडकू नये म्हणून आधी अंगावरून खडू फिरवायचा, आपला शाळेतला पांढरा खडू. पातं घट्ट बांधायचं, कोन एकदा धरला की सोडायचा नाही, आणि हात खांद्यातून पुढे न्यायचा. कानशीने मऊ पोलाद घासलं जातं: विळी, खुरपं, कुदळ, झाडं छाटायच्या कात्र्या. तुम्ही नवी आणता त्या कडक जपानी सुरीवर ती नुसती घसरेल, किंचाळेल. त्याला दगड लागतो. कानस टेकवताच कुठलं पोलाद काय मागतंय ते आवाजावरून कळतं.

आणि धार लागली की नाही हे कसं ओळखायचं, माहितीये? बोटाने चाचपून नाही, बाई. पातं खिडकीशी उजेडात धर. बोथट काठ चमकतो, त्यावर पांढरी रेघ दिसते. धार असलेला काठ दिसतच नाही. उजेडाला बसायला तिथे जागाच उरत नाही. पहिल्यांदा माझ्या विळीचा काठ असा दिसेनासा झाला तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटी हसत होते. त्या दिवशी कोबी इतका बारीक चिरला की ह्यांनी विचारलं, आज कुणी येणार आहे का?

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एकदा पार खाली दक्षिणेकडच्या पिनरहून एक बाई सासूबाईंचा अडकित्ता घेऊन मोटरवेने एवढ्या वर आल्या. सासूबाई गाडीतच बसल्या होत्या, परक्या बाईच्या हातात अडकित्ता जाताना बघवणार नाही म्हणून. धार लावून झाली तेव्हा मी स्वतः गाडीपाशी गेले आणि त्यांच्या मांडीवर अडकित्ता आणि एक सुपारी ठेवली. त्यांनी कातरली, तोंडात टाकली, आणि सुनेला म्हणाल्या, "बाईंना घरी जेवायला बोलव." सुनेने नंतर हळूच सांगितलं की एवढं कौतुक तिच्या वाट्याला लग्नापासून आलेलं नाही. आणि विळी घेऊन बसमधून जाण्याचे माझे प्रसंग तर विचारूच नकोस. गुंडाळून, वर दोरी बांधून, त्यावर मेथीची जुडी. ड्रायव्हर मेथीकडे बघून हसायचा.

पण आज तुला जवळ बसवलं ते हॅरोल्डची गोष्ट सांगायला.

हॅरोल्ड म्हणजे आमच्या अलॉटमेंटवर माझ्या शेजारच्या पट्टीवाला. जन्माचा यॉर्कशरचा. बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये सगळं आयुष्य गेलं, रिटायर होऊनही वर्षं झालेली, बायको गेलेली. त्याच्याकडे लीक, म्हणजे इथली मोठी कांद्याची पात, यायचे मनगटाएवढे जाड, माझ्याकडे मेथी. देवाणघेवाण चालायची. मला तो 'सू' म्हणायचा. सुमन त्याच्या तोंडात कधी बसलंच नाही. हत्यारांच्या बाबतीत तो माझ्याइतकाच चक्रम. माझी कानस चालताना ऐकून पट्टीच्या पलीकडून ओरडायचा, "दात भरलेत, सू, खडू लाव." आणि दात खरंच भरलेले असायचे.

त्याची एक मुलगी अमेरिकेत. लिन. इथली माणसं आपल्यासारखंच बोलतात बघ, तिच्याबद्दल बोलताना 'आमची लिन' म्हणायचा, नुसतं लिन कधी नाही. तिकडे कुठल्या तरी बर्फाळ राज्यात ती नवऱ्याबरोबर राहते, आणि दर ऑक्टोबरात धनुष्यबाणाने हरणाची शिकार करते. एक हरीण, वर्षभराचं मटण फ्रीझरमध्ये. इथे इंग्लंडमध्ये बाणाने शिकार करायला कायद्याने बंदी आहे, तिकडे परवाना मिळतो. तिला धनुष्य धरायला लहानपणी हॅरोल्डनेच शिकवलं, इथल्या क्लबात, गवताच्या लक्ष्यावर. म्हणून तो दर वर्षी हंगामाला तिच्याकडे जायचा, आणि जाताना बाणाची पाती स्वतः कानशीने धार लावून न्यायचा. लिन दुसऱ्या कुणाच्या धारेचा बाण सोडत नसे. रानात ती झाडावर दबा धरून बसायची आणि हा खाली गाडीत थर्मास घेऊन. बाप-लेकीचा वर्षातला तेवढाच एक आठवडा.

एका सप्टेंबरात तो माझ्या गॅरेजमध्ये आला. तंबाखूचा जुना डबा टेबलावर ठेवला. उघडायला गेला तर झाकण हातात नाचायला लागलं. मी हात पुढे केला नाही. गेलं वर्षभर मी त्याला चहा अर्धा कपच देत होते, भरलेला सांडायचा म्हणून, आणि तो कधी विचारत नव्हता अर्धाच का. पार्किन्सन्स. ह्यांनी मला लांबून बघूनच सांगितलं होतं.

डब्यात सहा पाती होती. पिंपळाच्या पानासारखी, लांबट, टोकाला निमुळती, दोन्ही बाजूंना काठ, आणि मागे बाणाची काठी बसवायला एक पोकळ नळी. मी अशी चीज हातात घेतली नव्हती. सुंदर होती. काठ उजेडात पांढरे चमकत होते, म्हणजे पार बोथट.

हॅरोल्ड म्हणाला, एवढी लावून दे. आणि आमच्या लिनला कळता कामा नये.

मी म्हटलं, नाही.

अगं, आमच्या घरात अंडं येतं ते केकमधून, तेवढंच. मी सांगितलं त्याला, मी भाजी चिरायच्या हत्यारांना धार लावते, झाडं छाटायच्या कात्र्यांना लावते. जीव घ्यायच्या हत्याराला मी हात लावणार नाही. तो रागावला नाही. खिशातून एक लाकडी चौकट काढली, पाटीच्या चौकटीसारखी, तिच्यावर रबरबँड ताणून लावलेले. एक पातं उचललं आणि थरथरत्या हाताने त्यातल्या एकावरून हलकेच फिरवलं. रबर बाजूला सरकला, वाकला, आणि परत जागेवर आला.

"रबर म्हणजे शीर समज," तो म्हणाला. "बोथट पातं तिला बाजूला ढकलतं आणि आत जातं. मग हरीण पळतं, सू. दिवसभर पळतं. बोथट पात्याने त्याचा जीव वाचत नाही, फक्त वेळ लागतो."

मग तो डबा तिथेच ठेवून लीकना पाणी घालायला निघून गेला. यॉर्कशरची माणसं वाद घालत नाहीत, वस्तू ठेवून जातात.

घरी ह्यांना विचारलं. हे टीव्ही बघत होते. म्हणाले, "मी ऑपरेशनच्या टेबलावर बोथट ब्लेड आलं तर सिस्टरला परत देत होतो. कापायचं ठरलं असेल तर स्वच्छ कापावं. पण ठरवायचं कुणी, ते तुझं तू बघ." आमच्या ह्यांची ही सवय. निम्मं उत्तर देतात आणि आवाज वाढवतात, टीव्हीचा.

मी विचार करत राहिले तो हरणाचा नाही, खरं सांगते. लिन तर बाण सोडणारच होती. पाती बोथट निघाली तर हरणाचेही हाल आणि बापाचं तिथलं कामही संपलं. मग कोण बोलावणार त्याला तेवढ्यासाठी एवढ्या लांब? त्याला नुसतं पाहुणा म्हणून जायचं नव्हतं. पाती घेऊन जाणारा बाप म्हणून जायचं होतं. हे मला फार चांगलं समजतं गं. माझा मुलगा बर्मिंगहॅमला असतो, आणि मी तिथे गेले की पहिल्यांदा त्याच्या सगळ्या सुऱ्या गोळा करते, ते काय उगाच?

दुसऱ्या दिवशी खडू लावला आणि बसले. पहिलं पातं लाकडात बांधलं, काठावर मार्करने काळी रेघ ओढली, म्हणजे कानस कुठे लागतेय ते दिसतं. दोन्ही बाजू सारख्या घासायच्या, मोजून, नाहीतर टोक एकीकडे झुकतं आणि बाण वाकडा जातो. घासता घासता काठावर लोखंडाची केसाएवढी मुरड उलटते, ती शेवटी अलगद काढायची, तिथे घाई केली की सगळं मुसळ केरात. सहाच्या सहा झाली. रबरबँडवर पातं नुसतं टेकवलं, टप्पकन तुटला. मी इतकी खूष, की अलॉटमेंटवर हॅरोल्डला हाक मारायला धावतच गेले.

त्याने एकेक पातं खिडकीशी धरलं. मान हलवली. म्हणाला, अशी धार मी जन्मात पाहिली नाही. आणि मग म्हणाला, पण ही चालणार नाहीत.

मला काही कळेना. त्याने डब्याच्या तळातून एक जुनं पातं काढलं, त्याच्या चांगल्या दिवसांतलं. दोन्ही शेजारी ठेवली. तेव्हा दिसलं. मी विळीच्या सवयीने टोकाकडून मागे कानस नेली होती. माझ्या रेघा सरळ, शिपायांसारख्या. तो मागून टोकाकडे न्यायचा, आणि टोकाशी पोचता पोचता मनगट जरासं वळवायचा. त्याच्या रेघा टोकापाशी पंख्यासारख्या उघडत होत्या. माणसाची सही असते ना, तशी. लिन लहानपणापासून त्या रेघा बघत आलेली. तिला एका नजरेत कळलं असतं.

पोलाद काही परत उगवत नाही. प्रत्येक धारेला पातं थोडं झिजतं, म्हणजे आता एकच संधी होती, आणि ती घ्यायची दुसऱ्याच्या हाताने. तो हात समोर बसलेला, पण करून दाखवू शकत नव्हता. त्याने एकदा कानस धरून बघितली, खाली ठेवली, आणि दोघंही आम्ही पावसाबद्दल बोललो.

मग तालीम. जुन्या कुदळीचं पातं बांधलं आणि रोज दुपारी त्याच्यावर. हॅरोल्ड खुर्चीवर, मांडीत अर्धा कप चहा. मी घासायची, तो डोळे मिटून ऐकायचा. "लवकर वळवलंस." "आता उशिरा." एकदा मी जपून जपून चालवत होते तर म्हणाला, "मांजर कुरवाळतेयस का, सू?" मी म्हटलं, तुझ्या वर्कशॉपमध्ये बायकांशी असंच बोलायचास का? म्हणाला, बायका नव्हत्याच, म्हणून तर अजून जिवंत आहे. ते वळण मनगटाने जमेना. शेवटी लक्षात आलं की तो मनगट वळवत नसणार, कोपर अंगाशी आणत असणार आणि मनगट आपोआप वळत असणार. विचारलं तर म्हणाला, मला काय माहीत, मी कधी बघितलंय का. कोपर आत घेतलं आणि कुदळीवर पंखा उघडला. हॅरोल्डने डोळे उघडले. चहा पिऊन टाकला.

मग खरी पाती घेतली. सहाही झाली. जुनं पातं मध्ये मिसळून त्याच्यापुढे ठेवलं, ओळख म्हटलं. त्याला ओळखता आलं नाही. माझ्या सगळ्या आयुष्यात मला मिळालेलं सर्टिफिकेट म्हणजे हे, आणि ते कागदावर नाही.

पाती साधी पोलादी, दमट हवेत एका दिवसात गंज धरतात, म्हणून तेल लावून ठेवली. तो न्यायला येणार होता तो दिवस नेमका खंडेनवमीचा. आता आपल्याकडचं तुला माहीतच आहे. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुसून पुजायची आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही. वर्षभर राबतात बिचारी. मी सगळ्या कानशी, विळी, कात्र्या, ह्यांचा स्टेथोस्कोप, गाडीची किल्ली, असं सगळं पाटावर मांडलं. अलॉटमेंटवरचा झेंडू होता. आणि घरात आलेलं पोलाद पूजेवाचून कसं ठेवायचं, म्हणून ती सहा पातीही ओळीने मांडली आणि हळदकुंकू वाहिलं.

हॅरोल्ड आला, टोपी काढून पाटासमोर उभा राहिला. हे काय, म्हणून विचारलं. मी सांगितलं, आज यांची सुट्टी. आज आम्ही यांना थँक यू म्हणतो.  मग कोटाच्या आतल्या खिशातून त्याने स्वतःची कानस काढली. मूठ हाताच्या घामाने काळी झालेली, दात जवळजवळ गेलेले. ती हळूच माझ्या कानशींच्या शेजारी ठेवली. मी तिला कुंकू लावलं. हे दारात उभे होते, आणि टीव्ही बंद होता.

मी पाती पुसून डब्यात भरून दिली. तो विमानाने गेला. कानस मात्र पाटावरच राहिली, नेली नाही त्याने.

आता ऐक काय झालं ते. हे मला त्याने परत आल्यावर सांगितलं, गॅरेजमध्ये, त्याच खुर्चीवर.

तिकडे पोचल्यावर लिनने डबा उघडला. पाती बघितली, रेघा बघितल्या, रबरबँडवर टेकवलं, तुटला.  मग बाणाच्या काठीवर पातं बसवायला तिने नळीत बोट घातलं आणि बोट लाल होऊन बाहेर आलं. घाबरून म्हणाली, "डॅड, तुला कापलं का कुठे?"

कुंकू गं. पाती मी बाहेरून पुसली होती, पण नळीत तेल होतं, आणि तेलाला कुंकू लागलं की ते काय सहज निघतं? पंख्यासारख्या रेघा बिनचूक काढल्या, आणि नळीत कुंकू ठेवून दिलं. अशी चूक कोण इंग्रज करणार!

हॅरोल्डला थाप मारता येईना. त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले, नाचू दिले, आणि सांगितलं, ही माझ्या शेजारच्या पट्टीवाल्या 'सू'ने लावली. ते लाल तिचं आहे. त्याला वाटलं, संपलं.

लिन म्हणाली, "मला गेल्या वर्षीच कळलं होतं, डॅड."

गेल्या वर्षी त्याने नेलेली पाती रबरबँडला नुसती ढकलत होती. तो आंघोळीला गेला की ती शेडमध्ये जाऊन एकेक पातं विकतच्या यंत्राने घासून घ्यायची आणि परत डब्यात ठेवायची. वर्षभर तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. यंदा रबर पहिल्या फटक्यात तुटला तेव्हाच तिला कळलं की ही बापाची धार नाही. पण रेघा बापाच्या. नळीत बोट घालायच्या आधी तिने ते पातं खिडकीशी धरून कितीदा बघितलं म्हणे, हे कसं शक्य आहे म्हणून. दोघंही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत बसलेली, आणि मध्ये माझं कुंकू.

हरणाचं विचारशील. मिळालं एक. हॅरोल्ड म्हणाला, चार पावलं चाललं आणि दमल्यासारखं खाली बसलं, बस. मी ऐकून घेतलं. त्या दिवशी मी देवापुढे जास्तीचा दिवा लावला. कशासाठी ते मला अजून नीट सांगता येणार नाही. अभिमान वाटला हेही खरं, आणि वरणभात घशाखाली उतरायला वेळ लागला हेही खरं. दोन्ही लिहून टाकते.

पुढच्या उन्हाळ्यात लिन इथे आली. उंच, पिकलेल्या केसांची, बापासारखीच कमी बोलणारी. गॅरेजच्या दारात उभी राहून म्हणाली, मला डॅडचा हात शिकायचाय. मी म्हटलं, अगं, डॅड इथेच बसलाय. ती म्हणाली, त्याला येतं, पण दाखवता येत नाही. तुम्हाला दाखवता येतं.

मी जपून ठेवलेली हॅरोल्डची कानस काढून तिच्या हातात दिली. दात गेलेले, कापणार काही नव्हती, पण सवय लावायला चालते. कुदळीचं तेच पातं बांधलं. तिच्या मागे उभी राहून तिचं कोपर आत दाबलं, असं बघ, मनगटाकडे लक्ष देऊ नकोस, कोपर घे. बापाचा हात मी त्याच्याच लेकीला शिकवत होते, आणि तो हाताच्या अंतरावर खुर्चीत बसला होता, डोळे मिटून, अर्धा कप घेऊन. ती जपून जपून चालवत होती. तो ऐकत होता.

मग म्हणाला, "मांजर कुरवाळतेयस का, लिन?"

ती हसली, तिचा हात सैल सुटला, आणि कुदळीवर टोकापाशी रेघा उघडल्या.

आता हंगामाला लिन स्वतःच स्वतःची पाती लावते. हॅरोल्डला विमानाचा प्रवास झेपत नाही. ती धार लावताना फोन कानशीशेजारी ठेवते, आणि तो इकडून ऐकून सांगतो, लवकर वळवलंस, उशिरा वळवलंस. तिने त्याला तिथलं काम दिलंय अजून.

तर तू ये. तुझी ती चेंगरणारी सुरी घेऊन ये, टॉवेलात गुंडाळ, गाडीच्या बूटमध्ये ठेव. गुरुवारी आलीस तर हॅरोल्डही असतो, त्याला चहा अर्धाच द्यायचा आणि का ते विचारायचं नाही. खंडेनवमीला आलीस तर काम होणार नाही, पाटासमोर बसून नुसत्या गप्पा होतील, तेही चालेल. पण ये लवकर. माझ्याकडे आता दोन हात आहेत, एक माझा आणि एक त्याचा. त्याचा लिनकडे पोचला. माझा अजून कुणी मागितलेला नाही, आणि तो अजून स्थिर आहे.